पहिला अल्बम आणि कंपाइलेशन: साय-ट्रान्स ऐकणाऱ्यांचा जुना घोळ

"मामा, याच्या नावावर तर अकरा अल्बम दिसतायत. मग हा पहिला कसा काय?"

भाच्याने फोन माझ्यापुढे धरला. आम्ही बडोद्यातल्या सुरसागर तलावाच्या काठावर बसलो होतो. पाण्यातल्या शंकराच्या मूर्तीवर दिवे लागले होते आणि मी त्याला मघापासून सांगत होतो, की साय-ट्रान्स या गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेल्या, नाचण्यासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या ज्या माणसाच्या पहिल्या अल्बमची मी वीस वर्षांहून जास्त वाट पाहतोय तो आता येतोय. फोनवर खरंच अकरा रंगीत चौकोन होते आणि वर लिहिलं होतं 'अल्बम्स'. आम्ही एकेक उघडत गेलो. सात ठिकाणी या माणसाचा एकेकच ट्रॅक होता, बाकीचे आठ-नऊ दुसऱ्यांचे. दोन ठिकाणी त्याचा एकही ट्रॅक नव्हता, निवड तेवढी त्याची. एक होता दोन ट्रॅकचा सिंगल आणि एक कुठल्याशा फेस्टिव्हलमधला दीड तासाचा मिक्स. म्हणजे अल्बम एकही नाही.

घोषणा झाल्यापासून हाच प्रश्न मला चौघांनी विचारला आहे. दांडिया बाजारातला माझा शाळेपासूनचा मित्रही त्यांत आहे आणि तो हे संगीत माझ्याइतकीच वर्षं ऐकतो. म्हणून एकदा नीट लिहून काढतो. माणसाचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण हा घोळ त्याच्या एकट्याचा नाही. वर्षानुवर्षं साय-ट्रान्स करूनही ज्यांनी अल्बम काढला नाही, त्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येतो.

आधी एक शब्द बाजूला करतो. प्रोड्युसरला मराठीत 'निर्माता' म्हटलं की डोळ्यांपुढे पैसे लावणारा माणूस येतो. इथे तसं नाही. इथला प्रोड्युसर म्हणजे संगीतकार, वादक आणि ध्वनिमुद्रक, सगळं एकच. म्हणून मी प्रोड्युसरच लिहीन.

कंपाइलेशन तुम्हाला माहीत आहे, कारण दिवाळी अंक माहीत आहे. संपादक एक, लेखक अनेक, मुखपृष्ठ झकास. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकार आपल्या घरात आहे, त्यामुळे जास्त समजावत नाही. लंडनच्या टिप रेकॉर्ड्स या साय-ट्रान्सच्या कंपनीची नव्वदच्या दशकातली कंपाइलेशन्स तर रंगांच्या नावांनीच ओळखली जायची. २००१ साली मी पहिल्यांदा गोव्याला गेलो आणि हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारातून एक सीडी घेऊन बडोद्याला आलो, तीही कंपाइलेशनच होती. नऊ ट्रॅक, नऊ वेगळी नावं. त्यातल्या चौथ्या नावापाशी मी अडकलो तो अजून तिथेच आहे.

या संगीतात कंपाइलेशनचं एवढं प्रस्थ का, हे मात्र माहीत असायला हवं. गोव्यात सुरुवातीच्या काळात डीजे डॅटवर वाजवायचे. सोनीने १९८७ साली आणलेली ती छोटी डिजिटल कॅसेट. उन्हाने आणि उष्म्याने विनाईलच्या तबकड्या वाकायच्या, डॅटला तो धोका नव्हता. गोवा गिल, तिथला जुना डीजे, जो २०२३ मध्ये गेला, तो शेवटपर्यंत डॅटचाच माणूस म्हणून ओळखला गेला. प्रोड्युसर ताजा ट्रॅक डॅटवर भरून डीजेच्या हातात द्यायचा आणि तो बाजारात येण्याच्या कितीतरी आधी किनाऱ्यावर वाजायचा. पुढे रेकॉर्ड कंपन्यांनी असे आठ-दहा जणांचे ट्रॅक एका सीडीवर घ्यायला सुरुवात केली. प्रोड्युसरला एक ट्रॅक द्यायचा, कंपनीला एक सीडी भरायची, दोघांची सोय. अशा सोयीत वीस वर्षं सहज निघून जातात आणि माणसाचं सगळं काम वीस-पंचवीस अंकांत विखुरलेलं राहतं.

किरकोळ फरक उरकून घेतो. 'कंपाइल्ड बाय' लिहिलं असेल तर त्या माणसाने निवड केली. 'रिटन अँड प्रोड्यूस्ड बाय' लिहिलं असेल तर संगीत त्याचं. हे सीडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत असतं, वाचायला दहा सेकंद लागतात. सिंगल म्हणजे एक-दोन ट्रॅक, ईपी म्हणजे तीन-चार. सीडीवर आला की नुसता डिजिटल, याने काही बदलत नाही.

एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी काम करतो, त्यानेही लोक चकतात. सायमन पॉसफर्ड हा इंग्लंडचा प्रोड्युसर एकटा असला की हॅलुसिनोजेन, राजा रामबरोबर असला की श्पाँगल. राजा राम १९६९ साली क्विंटेसन्स या लंडनच्या बँडमध्ये बासरी वाजवत होता. श्पाँगलचा पहिला अल्बम १९९८ चा आहे आणि तेव्हा तो पंचावन्नच्या पुढे गेला होता. 'पहिला' हा शब्द त्या नावाला लागतो, माणसाच्या वयाला लागत नाही.

डीजे मिक्सबद्दल बडोद्यात फार सांगावं लागू नये. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर गाणारा काय करतो ते आठवा. समोरची रिंगणं बघून तो ठरवतो, की आता कुठला गरबा घ्यायचा, लय कधी चढवायची, कधी दोन मिनिटं श्वास घेऊ द्यायचा. गरबे त्याने रचलेले नसतात, रात्र मात्र त्याने रचलेली असते. चांगला डीजे सेट तसाच असतो आणि मला त्या कलेबद्दल मनापासून आदर आहे. १९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्ड या ब्रिटिश डीजेने बीबीसी रेडिओ वनसाठी दोन तासांचा 'गोवा मिक्स' केला. त्याने हे संगीत किती घरांत पोचवलं! पण त्याला 'ओकनफोल्डचा गोवा अल्बम' म्हणणारी माणसं भेटली की वाईट वाटतं, कारण ज्यांनी ते ट्रॅक महिनोन्महिने बसून घडवले त्यांची नावं त्या एका वाक्यात पुसली जातात.

इथवर बहुतेकांना पटतं. खरी अडचण पुढे आहे, आणि तिथे माझा मित्रही चुकतो. तो म्हणाला, "ठीक आहे, आत्तापर्यंत अल्बम नव्हता. पण ट्रॅक तर चाळीसेक आहेत ना? त्यातले चांगले नऊ निवडायचे आणि काढायचा अल्बम. बावीस वर्षं कशाला लागतात?"

नऊ सुटे ट्रॅक एकत्र केले की जे होतं त्याला आपल्याकडे नाव आहे, कथासंग्रह. दिवाळी अंकांत आलेल्या कथा एका पुठ्ठ्यात बांधल्या. त्यात कमीपणा काही नाही. पण कादंबरी त्याने होत नाही, आणि अल्बम या अर्थाने कादंबरीच्या बाजूचा आहे.

का, ते एका ट्रॅकच्या आत जाऊन बघू. साय-ट्रान्सची लय मिनिटाला साधारण १४५ ठोके धरू. कंपाइलेशनसाठी किंवा डीजेसाठी केलेला ट्रॅक सुरू होतो तेव्हा पहिले बत्तीस बार, म्हणजे १२८ ठोके, बऱ्याचदा किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, आणि वरचे हलके आवाज एवढंच असतं. हिशेब केला तर ५३ सेकंद. शेवटीही जवळपास तेवढंच. ही जागा ऐकणाऱ्यासाठी नसते. आधीच्या ट्रॅकवर हा ट्रॅक चढवता यावा म्हणून डीजेसाठी सोडलेली असते, शिवणात कापड सोडतात तशी. मधल्या पाच-सहा मिनिटांत त्या ट्रॅकला सगळं सांगून टाकायचं असतं: चढ, थांबा, दुसरा चढ, कळस. आपल्या आधी काय वाजणार आणि नंतर काय वाजणार हे त्याला ठाऊक नसतं. प्रत्येक सुट्या ट्रॅकला स्वतःचा कळस असावाच लागतो.

आता असे नऊ ट्रॅक ओळीने लावा. दर आठ मिनिटांनी एक कळस आणि दोन कळसांच्या मध्ये जवळपास पावणेदोन मिनिटं नुसती किक. मी हे करून पाहिलंय. माझ्या या आवडत्या प्रोड्युसरचेच नऊ सर्वोत्तम ट्रॅक २००९ साली एका सीडीवर उतरवले होते. सुटा ऐकला तर एकेक ट्रॅक सोन्यासारखा. पण सलग ऐकताना पाचव्यापर्यंत कान थकले, सहाव्याचा कळस आला तेव्हा काही वाटलंच नाही. दोष ट्रॅकचा नव्हता. ते एकमेकांशेजारी बसण्यासाठी केलेले नव्हते.

सूरही बघा. मोठ्या स्पीकरवर सगळ्यात दमदार बेस मिळतो तो चाळीस ते पन्नास हर्ट्‌झच्या आसपास. पाश्चात्त्य स्वरांतला ई हा सूर ४१ हर्ट्‌झला, एफ ४४ च्या जरा खाली, जी ४९ ला. म्हणून डान्स फ्लोअरसाठी लिहिणारे सगळे याच तीन-चार सुरांत घर करतात. एकट्या ट्रॅकला ते शोभतं. सलग सत्तर मिनिटं मात्र षड्ज तिथल्या तिथेच सरकत राहतो आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, नुसता कंटाळा येतो.

संपादकापुढे अशी अडचण आली की तो दुसरा ट्रॅक शोधतो. पाचव्या जागेसाठी थोडा शांत ट्रॅक हवा? कुणाकडे आहे का विचारतो. मिळाला तर लावतो, नाही मिळाला तर जवळपासचा चालवून घेतो. अल्बम करणाऱ्यापुढे तीच अडचण आली की तो त्या जागेसाठी ट्रॅक *लिहितो*. चौथा ज्या सुरावर संपतो तिथून उचलणारा, सहाव्याच्या कळसासाठी कान रिकामे ठेवणारा, आणि एकटा वाजवला तर कुणीही नाचणार नाही असा. सगळा फरक इथे आहे. कंपाइलेशनमधली रिकामी जागा शोधून भरतात, अल्बममधली रचून भरतात. म्हणून अल्बमची परीक्षा मी कधीच पहिल्या ट्रॅकवर करत नाही. मी पाचवा-सहावा ऐकतो, ज्याला सुट्या बाजारात गिऱ्हाईक नाही तो. तो हिमतीने केलेला असेल तर बाकीच्यांबद्दल काळजी नको.

जुना ट्रॅक घेऊच नये असंही नाही. हॅलुसिनोजेनचे 'अल्फा सेंटॉरी' आणि 'एलएसडी' १९९४ मध्ये ड्रॅगनफ्लाय या रेकॉर्ड कंपनीच्या सिंगलवर आले आणि पुढच्या वर्षी 'ट्विस्टेड' या पहिल्या अल्बमवरही होते. पण त्या आठ ट्रॅकांत त्यांना स्वतःची जागा आहे, शेजार आहे. जुना ट्रॅक घ्यायचा तर तो उसवावा लागतो: डीजेसाठी सोडलेलं कापड कापायचं, कळस पुढेमागे करायचा, प्रसंगी सूर बदलायचा. सूर बदलला की बेसचा आवाज नव्याने घडवावा लागतो, कारण एका किकमागे तीन बेसचे ठोके धावतात आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग येतो. तिथे केसाइतकी चूक झाली तरी सगळं चिखलासारखं ऐकू येतं. हे काम नवा ट्रॅक करण्यापेक्षा सोपं असतं असं मला वाटत नाही.

म्हणून "इतकी वर्षं काय करत होता?" या प्रश्नाने माझा जीव खरंच दुखतो. ज्यांचं सगळं आयुष्य यात गेलंय, ज्यांच्यामागे कंपनी आहे, त्यांनाही वेळ लागतोच. अॅस्ट्रिक्स या इस्रायली साय-ट्रान्स प्रोड्युसरचे अल्बम बघा: २००४, मग २०१०, मग २०१६. मधली सहा-सहा वर्षं तो जगभर वाजवत होता. दर आठवड्याला वेगळ्या गावात रात्र काढणाऱ्या माणसाला सत्तर मिनिटांचा एक विचार डोक्यात धरून ठेवायला सलग महिने कुठून मिळणार?

आणि एक विनंती. अॅपवर अल्बम लावताना ते उलटसुलट वाजवणारं शफलचं बटण बंद करा. कंपाइलेशनला त्याने फारसं काही होत नाही, दिवाळी अंक आपण मधूनच उघडतो. पण अल्बम शफलवर ऐकणं म्हणजे त्या माणसाने वर्षानुवर्षं जे एकच काम केलं, नेमकं तेच पुसून टाकणं. अॅपं हे बटण अल्बमवर ठेवतातच कशाला ते मला कधीच कळलेलं नाही, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

गेल्या रविवारी ट्रॅकांची यादी आली. भाचा रावपुऱ्यातून सेव-उसळ घेऊन घरी आला होता. पुडे ओट्यावर तसेच ठेवून आम्ही आधी यादी उघडली. नऊ नावं, एकूण ७१ मिनिटं. हणजुण्याहून आणलेल्या सीडीवरचा तो चौथा ट्रॅक आहे का, हे मी आधी शोधलं. आहे, सातव्या क्रमांकावर. जुना आठ मिनिटं चार सेकंदांचा होता, हा सहा मिनिटं दहा सेकंदांचा आहे.

"मामा, म्हणजे त्याने दोन्ही टोकं कापली," भाचा म्हणाला.

मग आम्ही पाचवा बघितला. नाव नवीन, लांबी अकरा मिनिटं.