प्रकाशित रेटिकल (रायफलची दुर्बीण)

रायफलच्या दुर्बिणीत नेम धरण्यासाठी जी रेघांची खूण दिसते तिला रेटिकल म्हणतात. बोलताना बहुतेक जण ‘क्रॉस’ म्हणतात. ही खूण किंवा तिचा मधला ठिपका बॅटरीवर तांबडा वा हिरवा उजळता येत असेल, तर ते प्रकाशित रेटिकल. उजेड पडतो तो फक्त खुणेवर. समोरचे शेत, बांध किंवा जनावर त्याने तसूभरही उजळत नाही. जास्तीचे पैसे मोजावेत की नाही, याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

स्वस्त दुर्बिणींत बारीक तारा ताणून क्रॉस केलेला असतो. प्रकाशित प्रकारात बहुधा काचेच्या चकतीवर रेघा कोरतात आणि त्या खाचांत प्रकाश परतवणारा लेप भरतात. चकतीच्या कडेला लहानसा एलईडी असतो; त्याचा प्रकाश खाचांवर पडून डोळ्याकडे विखुरतो. दिवा बंद केला की त्याच खाचा काळ्या रेघा म्हणून दिसतात. म्हणून सेल संपला तरी नेम धरता येतो. रेड डॉट साइटमध्ये (काचेवर नुसता उजळ ठिपका दाखवणाऱ्या नेमयंत्रात) मात्र सेल गेला की ठिपकाच जातो. भर उन्हातही दिसावा असा प्रखर ठिपका हवा असेल, तर केसासारख्या फायबरच्या टोकातून प्रकाश आणतात. काही लष्करी दुर्बिणींत बॅटरीऐवजी ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने तेवढ्या काळात तेज निम्म्यावर येते. ही सोय नवी नाही. सोव्हिएत सैन्याने १९६३ मध्ये स्वीकारलेल्या द्रागुनोव्ह रायफलवरच्या ४ पट मोठे दाखवणाऱ्या पीएसओ-१ दुर्बिणीतही रेटिकलला दिवा होता. ही रायफल भारतीय सैन्यानेही वापरली आहे.

खानदेशात हा प्रश्न येतो तो मुख्यतः पीकरक्षणाच्या निमित्ताने. सातपुड्याच्या पायथ्याला आणि तापीकाठी रानडुक्कर व रोही (नीलगाय) मका, ज्वारी, हरभऱ्यात उतरतात ते दिवस मावळताना किंवा उजाडण्याआधी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरावर वा रोह्यावरही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही, आणि हत्याराचा परवाना हवा तो वेगळाच. परवानाधारकांकडे बहुधा बारा बोअर (छऱ्यांची बंदूक) असते, तिला दुर्बिणीची गरज नाही. .३१५ स्पोर्टिंग रायफल असली, तरी जुन्या नगांवर दुर्बिणीच्या माउंटची (दुर्बीण बसवायच्या पकडीची) तयार सोय नसते. आधी तो खर्च धरावा.

दिव्याचा खरा उपयोग एकाच प्रसंगी होतो: काळ्या जनावरावर काळा क्रॉस. संध्याकाळी केळीच्या बागेच्या कडेला उभे असलेले रानडुक्कर दुर्बिणीत गडद ठिगळासारखे दिसते आणि बारीक रेघा त्यात बुडून जातात. मधला ठिपका मंद पेटवला की नेम नेमका कुठे आहे ते कळते. पण हा अवधी किती? जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे; इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि मावळल्यावर सुमारे २५ मिनिटांत कामापुरता उजेड संपतो. मध्य व उत्तर युरोपात संधिप्रकाश कितीतरी लांबतो, आणि तिथल्या शिकाऱ्यांना हा दिवा जेवढा कामी येतो तेवढा इथे येत नाही. खानदेशात त्याचे काम दिवसाला फार तर दोनदा, पंधरा-वीस मिनिटांचे.

त्यानंतर क्रॉस दिसतो, जनावर ओळखू येत नाही, आणि धोका तिथेच आहे. शेतीच्या वीजपंपाला रात्रीची पाळी असली की बारे द्यायला माणूस केळीत किंवा कपाशीत असतोच. लाल ठिपका स्पष्ट दिसतो म्हणून समोरचे ओळखले असे होत नाही. जनावर आणि त्याच्यामागची जमीन दोन्ही दिसत नसतील तर बोट ट्रिगरवर जाता कामा नये.

तिन्हीसांजेला दिव्याआधी झूमची कडी फिरवावी. दुर्बिणीतून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. ३–९×४० (३ ते ९ पट, पुढचे भिंग ४० मिलिमीटर) दुर्बिणीत ९ पटीला ती ४.४ मिलिमीटर, ६ पटीला ६.७ मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर ५ च्या आसपास. म्हणजे ९ वरून ६ वर आल्याने चित्र खरोखर उजळते. हे दिव्याने कधीच होत नाही. रेघांची जाडीही पाहावी. तीन जाड दांडे आणि मध्ये बारीक फुली असे जर्मन क्रमांक ४ पद्धतीचे रेटिकल सेलशिवायही अंधुक उजेडात पुरते.

पट बदलला की रेटिकलही लहानमोठे होते अशा, म्हणजे पहिल्या फोकल प्लेनच्या, दुर्बिणीत हिशेब बदलतो. १–६ पटींच्या दुर्बिणीत १ पटीला क्रॉस ६ पटीच्या मानाने सहापट लहान दिसतो आणि जवळजवळ हरवतो. तिथे दिवा हवाच. दुसऱ्या फोकल प्लेनच्या, म्हणजे पट बदलला तरी रेटिकल तेवढेच दिसणाऱ्या, साध्या ३–९ दुर्बिणीत तो असला तर चांगले, नसला तर अडत नाही.

सर्वांत जास्त चूक तेज ठेवण्यात होते. ठिपका प्रखर केला की बाहुली आकसते, भोवती तांबूस धूसर वलय येते आणि जनावर त्यामागे दिसेनासे होते. गडद पार्श्वभूमीवर दुर्बीण रोखून बंद अवस्थेपासून एकेक टप्पा वाढवावा. ठिपका जेमतेम दिसला की थांबावे. स्वस्त दुर्बिणींचा दोष हाच, की त्यांचा सर्वांत खालचा टप्पाही अंधाराला जास्त होतो. तांबड्या प्रकाशाने अंधाराला सरावलेली नजर कमी बिघडते. हिरवा डोळ्याला अधिक तेजस्वी वाटतो, शिवाय केळीच्या पानांवर आणि हिरव्या मक्यावर तो मिसळून जातो. इथे तांबडाच घ्यावा. ठिपका चांदणीसारखा फाटलेला दिसला तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. कॅमेऱ्यात गोल दिसला तर दोष डोळ्याचा, बहुधा त्याच्या असमान वक्रतेचा, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम. रेघा पुसट असतील तर आधी मागच्या भिंगाचा फोकस उजळ भिंतीकडे पाहून लावावा. एका वेळी तीन-चार सेकंदच पाहावे, नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो.

एअर रायफलवर, विशेषतः स्प्रिंगच्या, हा खर्च सहसा वाया जातो. स्प्रिंग-पिस्टनचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. त्याने सेलची पट्टी सैल होते, डाख सुटतो आणि दिवा लुकलुकू लागतो. दोन्ही बाजूंचा धक्का सोसणारी दुर्बीण नसेल तर भिंगेही हलतात. तेवढ्या पैशांत पॅरलॅक्सची (अंतराप्रमाणे चित्र जुळवून घेण्याची) कडी असलेली दुर्बीण घ्यावी, कारण १०० यार्डांवर पक्के केलेले स्कोप १०–२० मीटरवर चित्र पुसट दाखवतात. पांढऱ्या कागदी टार्गेटवर काळी रेघच उत्तम दिसते. आंतरराष्ट्रीय नियमांच्या १० मीटर एअर रायफल स्पर्धेत तर दुर्बीण चालतच नाही. एअर रायफलने पाखरे मारणे हाही गुन्हाच.

सेल बहुधा सीआर२०३२, ३ व्होल्ट, सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांचा. दिवा २ मिलिअँपिअर ओढत असेल तर साधारण ११० तास चालतो. म्हणजे बंद करायचा विसरला तर पाचव्या दिवशी सेल मेलेला. प्रत्येक दोन टप्प्यांमध्ये बंदची खाच असलेली कळ किंवा आपोआप बंद होण्याची सोय बघून घ्यावी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि बंद गाडीत त्याहून बराच वर; तिथे ठेवलेला सेल लवकर उतरतो, कधी पाझरतोही. हंगाम संपला की तो काढून ठेवावा. झाकणाच्या आट्यांत काळ्या मातीची धूळ अडकली की रबरी कडी नीट बसत नाही आणि पावसाळ्यात संपर्कपट्टीवर हिरवट थर चढतो. तो कोरड्या कापडाने पुसून मगच नवा सेल घालावा. सेलची धन (+) बाजू बहुतेक दुर्बिणींत झाकणाकडे असते.

दुकानात दिवसा पेटवून पाहिल्याने काही कळत नाही. अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटे डोळे सरावू द्यावेत आणि सर्वांत खालच्या टप्प्यावर पाहावे: फक्त ठिपका उजळला पाहिजे, नळीच्या आतल्या भिंतीवर लाली दिसता कामा नये. मग दिवा चालू-बंद करताना क्रॉस जागचा हलत नाही ना ते बघावे. काच सारखीच असेल तर दिव्याची दुर्बीण घ्यावी. दिव्यासाठी काचेत तडजोड करावी लागत असेल तर बिनदिव्याची, चांगल्या काचेची आणि जाड दांड्यांच्या रेटिकलची घ्यावी.