फाइल एक्स्टेन्शन व संगणकीय संक्षेप : इंग्रजी उच्चार

फाइलच्या नावात टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. इंग्रजीत ही अक्षरे सुटी वाचतात (पीडीएफ, एचटीएमएल), सलग शब्द करून वाचतात (झिप, टार) किंवा दोन्ही मिसळून वाचतात (जेपेग). व्यंजनांच्या मध्ये स्वर असला की बोलणारा सहसा शब्द करतो. म्हणून रॅम आणि बायॉस हे शब्द झाले, सीपीयू सुटाच राहिला. हा कल आहे, नियम नव्हे. दोन स्वर असूनही ‘.ईएक्सई’ पुष्कळ जण सुटेच वाचतात, तर काही ‘एक्सी’ म्हणतात.

लेखन आणि उच्चार यांची फारकत मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस या जुन्या संगणक प्रणालीने वाढवली. तेथे एक्स्टेन्शनला तीनच अक्षरांची मुभा होती, त्यामुळे जेपेगमधला ‘ई’ गळून ‘.जेपीजी’ उरले. इंग्रजीत ते लिहिले तरी म्हणतात जेपेगच. मराठी बोलण्यात मात्र ‘जेपीजी’ सर्रास ऐकू येते.

सर्वांत गाजलेला वाद जिफचा. कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने १९८७ मध्ये हे चित्रस्वरूप तयार केले. विल्हाइट ‘जिफ’ म्हणत, आणि कंपनीतली मंडळी त्याच नावाच्या पीनट बटरच्या जाहिरातीची ओळ बदलून म्हणत. ‘गिफ’वाल्यांचे म्हणणे असे की पहिले अक्षर ‘ग्राफिक्स’चे आहे, तेव्हा ‘ग’च हवा. हा युक्तिवाद टिकत नाही. पूर्ण रूपातले ध्वनी संक्षेपात आणायचे तर ‘फोटोग्राफिक’मुळे जेपेगचे ‘जेफेग’ करावे लागेल. ‘गिफ’च्या बाजूने खरे बळ आहे ते ‘गिफ्ट’सारख्या शब्दांचे, पण ‘जिन’ही रोमन लिपीत त्याच दोन अक्षरांनी सुरू होतो. विल्हाइट यांना २०१३ मध्ये वेबी पुरस्कार मिळाला, तेव्हा उच्चार ‘जिफ’ आहे एवढाच मजकूर त्यांनी पडद्यावर दाखवला. तरी ‘गिफ’ थांबले नाही. ऑक्सफर्डचे कोश दोन्ही उच्चार देतात. रोमन लिपीत हा वाद झाकून राहतो, देवनागरीत लिहिणाऱ्याला पहिल्याच अक्षरात बाजू घ्यावी लागते.

पीएनजी या चित्रस्वरूपाच्या १९९६ च्या विनिर्देशातच (तांत्रिक नियमावलीतच) ‘पिंग’ असा उच्चार नोंदवलेला आहे. तो फारसा कोणी करत नाही.

डेटाबेसमधली माहिती हाताळण्याच्या एसक्यूएल या भाषेचे मूळ नावच ‘सीक्वेल’ होते. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये १९७४ च्या सुमारास ही भाषा घडवली. पुढे ते नाव विमाने बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याचे आढळले आणि त्यातले स्वर काढून टाकले गेले. ‘सीक्वेल’ म्हणणारे म्हणजे चुकणारे नव्हेत, ते जुने नाव चालवत आहेत. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीची अधिकृत पुस्तिका अक्षरे सुटी वाचायला सांगते, पण ‘माय सीक्वेल’लाही हरकत घेत नाही.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीचे शेवटचे अक्षर ग्रीक ‘खी’ आहे, रोमन ‘एक्स’ नव्हे. म्हणून ‘टेक्स’ त्यांना मान्य नाही. तिच्यावर उभ्या असलेल्या प्रणालीबाबत त्या प्रणालीचे कर्ते लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’, ‘लेटेक’ आणि ‘लेटेक्स’सुद्धा चालेल, असे लिहून ठेवले आहे.