गोळीचं व्यसन सुटेल याची खात्री शंभरपैकी किती?

'मनावर घेतलं की कुठलंही व्यसन सुटतं' हे आपल्याकडचं हमखास टाळ्यांचं वाक्य. पाठदुखीसाठी सुरू झालेल्या ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीत अडकलेल्या माणसालाही तेच ऐकवतात. (हेच ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं.) जणू मन एकच, आणि ते एकतर खंबीर नाहीतर कच्चं!

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये वेगळं मांडलं. 'मला हे जमेल' हा विश्वास कामागणिक बदलतो, म्हणून तो मोजायचाही कामागणिक. हाच धागा धरून टोरांटोच्या अ‍ॅडिक्शन रिसर्च फाउंडेशनमध्ये हेलन अ‍ॅनिस आणि सहकाऱ्यांनी ५० प्रश्नांची एक प्रश्नावली बांधली. 'तुमची इच्छाशक्ती किती?' असं ती विचारत नाही. एकेक प्रसंग समोर ठेवते आणि विचारते, आज, या घडीला तिथे स्वतःला आवरण्याची खात्री किती? उत्तर ०, २०, ४० असं १०० पर्यंत. प्रसंग आठ प्रकारचे: उदास वाटणं, अंग दुखणं, मजेत असणं, 'एकदा घेऊन बघू, ताबा राहतो का' अशी खुमखुमी, अचानक तलफ, भांडण, मित्रांचा आग्रह, मैफल.

समजा, एकाने सात प्रकारांत ८० दिले आणि अंगदुखीला २०. सरासरी ७२.५, म्हणजे कागदावर गडी पास. पण ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक ओपिऑइड (अफूसारखं काम करणारं औषध) बंद केलं की अंग ठणकणार हे ठरलेलंच, आणि मूळ दुखणं असतंच. त्याची परीक्षा नेमकी त्या २० वाल्या पेपरात आहे. सरासरीने तोच लपवला.

आता माझा आवडता भाग. थोडं गणित सोसा. प्रश्नावली किती भरवशाची, हे सांगायला संशोधक 'क्रॉनबॅक अल्फा' हा आकडा देतात. १ च्या जितका जवळ तितका बरा, असा समज. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध (म्हणजे उत्तरं एकमेकांबरोबर किती वरखाली होतात) ०.३ धरला, तर ८ प्रश्नांचा अल्फा येतो ०.७७ आणि ५० प्रश्नांचा ०.९६. सहसंबंध तोच, फक्त प्रश्न वाढले! शिवाय सहसंबंधच वाढवत नेला तर सगळे प्रश्न एकच गोष्ट विचारू लागतात, आणि आपल्याला तर प्रसंगाप्रसंगातला फरक हवा आहे. म्हणून '०.९६ आला' एवढ्यावर खूश होणाऱ्या लेखाकडे मी जरा संशयानेच बघतो.

'रुग्णाच्या नकळत जेवणात पावडर मिसळा, व्यसन सुटेल' या भिंतींवरच्या जाहिराती तर या सगळ्याच्या बरोब्बर उलट आहेत. ज्याला आपण काही सोडतोय हेच ठाऊक नाही, त्याचा आत्मविश्वास वाढणार कुठून? आणि पावडरीत काय आहे, ते कोणी तपासलंय?

सगळीकडे १०० लिहिणारा रुग्णही काळजीचाच. गोळ्या थांबल्यावर काही दिवसांत शरीराची सवय उतरते. मग चुकून जुनाच डोस घेतला तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. अशा वेळी समुपदेशकाने 'शाब्बास' म्हणून फाइल बंद करू नये. रात्री दोनला कंबर धरली आणि घरात स्ट्रिप आहे, तेव्हा काय करणार, हे त्याच्याकडून वदवून घ्यावं. आणि २० लिहिणाऱ्याला मनोनिग्रहावर व्याख्यान देण्याआधी त्याच्या दुखण्यावर दुसरा इलाज आणि ओपिऑइडचं व्यसन सोडवायला दिलं जाणारं ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध, यांचा विचार डॉक्टरांनी करावा.