पट्ट्यावर टांगलेल्या गिटारचा तोल

भाद्रपदात चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत गावोगावी वाद्यवृंदांचे कार्यक्रम रंगतात आणि त्यांतला गिटारवादक मध्यरात्रीपर्यंत उभ्याने वाजवत असतो. कार्यक्रम संपेपर्यंत त्याचा डावा खांदा भरून येतो, मनगट आखडते, आणि सगळा दोष वाद्याच्या वजनाला दिला जातो. वजनाचा या त्रासात वाटा आहे हे खरेच. परंतु तीन किलोची गिटार तासाभरात नकोशी होते आणि चार किलोची गिटार कार्यक्रमभर अंगावर निमूट बसून राहते, असा अनुभव अनेक वादकांना येतो. त्याचा उलगडा केवळ वजनकाट्यावरून होत नाही. वजन वाद्यात कोठे साचले आहे आणि पट्टा ते कोणत्या दोन बिंदूंवर पेलतो, हे पाहावे लागते.

अंगावर वाद्य अडकवून तासन्‌तास वाजवणे कोकणाला नवे नाही. शिमग्यात पालखीपुढे ढोल चालतो, दिंडीत पखवाज गळ्यात असतो. ही वाद्ये मात्र दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी असल्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्य पट्ट्याच्या दोन कड्यांच्या साधारण मध्यावर येतो आणि तोलाचा प्रश्न फारसा उभाच राहत नाही. इलेक्ट्रिक गिटारची रचना याच्या अगदी उलट आहे. एका टोकाला भरीव बॉडी, दुसरीकडे डाव्या हाताने धरायची लांब दांडी, म्हणजे नेक, आणि नेकच्या शेवटी, म्हणजे हेडस्टॉकवर, तारा ताणून सूर लावणारे धातूचे सहा ट्यूनर. बंदिस्त घडणीचा एक ट्यूनर ४० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे सहांचे मिळून सुमारे २४० ग्रॅम झाले. आकडा किरकोळ वाटतो. परंतु हे वजन गुरुत्वमध्यापासून अर्ध्या मीटरहून अधिक अंतरावर असते. अंतर ५५ सेंमी धरले, तर त्याचा फिरवण्याचा परिणाम, म्हणजेच आघूर्ण, भरून काढण्यासाठी बॉडीच्या बाजूला २० सेंमी अंतरावर ६६० ग्रॅम ठेवावे लागतील. म्हणूनच जड ट्यूनर काढून हलके बसवले की एकूण वजनात फारसा फरक न पडताही गिटार एकदम वेगळी वाटू लागते. अमेरिकी रचनाकार नेड स्टाइनबर्गर यांनी १९८०च्या सुमारास याच विचाराचे टोक गाठले. त्यांनी हेडस्टॉक पूर्णपणे काढून टाकला आणि सूर लावण्याची यंत्रणा बॉडीच्या शेपटाकडे नेली.

पट्ट्याचे एक बटण बॉडीच्या शेपटाशी असते आणि दुसरे नेकच्या बाजूला. गुरुत्वमध्य या दोहोंच्या दरम्यान, पुढच्या बटणाच्या पुरेसा मागे असेल, तर गिटार आडवी राहते. तो पुढच्या बटणाच्या जवळ किंवा पलीकडे गेला, की हात सोडताच हेडस्टॉक जमिनीकडे झुकू लागतो. वादक याला ‘नेक डाइव्ह’ म्हणतात. समजा, तीन किलोच्या गिटारचा गुरुत्वमध्य पुढच्या आधाराच्या तीन सेंमी पुढे गेला आहे. त्या आधारापासून ३५ सेंमीवर असलेल्या डाव्या हाताला मग सुमारे अडीचशे ग्रॅमचा भार सतत वर उचलून धरावा लागतो. ज्या हाताची बोटे तारांवर मोकळेपणाने फिरायला हवीत, तोच हात हमाली करू लागतो. अंगठा नेकच्या मागे रुतून बसतो आणि मनगट दुखू लागते. वादकाला मात्र वाटत राहते की आपला रियाज कमी पडतो आहे.

इथपर्यंतचा हिशेब शाळेतल्या तरफेचा झाला. पुढचा भाग अधिक रंजक आहे. पट्टा खांद्यावर खिळ्याने ठोकलेला नसतो, तो सरकू शकतो. खांद्यापासून दोन्ही बटणांपर्यंतच्या पट्ट्याची एकूण लांबी कायम राहते आणि फक्त वाटणी बदलते; पुढचा भाग वाढला की मागचा तेवढाच घटतो. दोन स्थिर बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कायम राखत फिरणारा बिंदू लंबवर्तुळ काढतो, हे भूमितीत आपण शिकलेलो असतो. गिटारच्या दृष्टीने पाहिले, तर आपला खांदा अशाच एका लंबवर्तुळावर फिरत असतो आणि दोन बटणे त्याच्या नाभी असतात. घर्षण मुळीच नसेल, तर गिटार केव्हा स्थिर राहील, याचे उत्तर यावरून काढता येते. बटणांमधील अंतराच्या निम्म्याचा वर्ग करावा आणि त्याला खांद्याच्या बटणांपासूनच्या उंचीने भागावे. बटणांना जोडणाऱ्या रेषेच्या खाली गुरुत्वमध्य निदान इतका असायला हवा. बटणांमध्ये ४० सेंमी अंतर आणि खांदा ४५ सेंमी उंच असेल, तर हे उत्तर जवळपास ९ सेंमी येते. पट्टा प्रत्यक्षात छातीवरून चढून पाठीवरून तिरका उतरत असल्याने हा हिशेब ढोबळ आहे, तरी त्यातून मिळणारी दिशा बरोबर आहे.

फेंडर कंपनीच्या १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारचे वरचे शिंग, म्हणजे बॉडीचे नेककडे पुढे आलेले टोक, या नजरेने पाहावे. ते साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या धातूपट्टीपर्यंत, पुढे आलेले असते आणि बटण त्याच्या टोकावर असते. शिंग बटणाला पुढे नेते हे सर्वांच्या लक्षात येते, पण ते बटणाला वरही नेते. त्यामुळे दोन बटणांना जोडणारी रेषा वर सरकते आणि गुरुत्वमध्य तिच्याखाली बऱ्यापैकी उतरतो. एकाच आकाराने दोन कामे साधली आहेत. लिओ फेंडर यांनी लांब शिंगाचा हा उपाय आधी १९५१ सालच्या प्रिसिजन बेस या खर्जातल्या गिटारवर केला होता, कारण बेसची नेक आणखी लांब असल्याने तेथे गरज अधिक होती. याउलट गिब्सन कंपनीची १९६१ सालापासूनची पातळ, दोन टोकदार शिंगांची एसजी घ्या. ती वजनाला हलकी असते. परंतु तिचे पुढचे बटण नेक जेथे बॉडीला मिळते तेथे, मागच्या अंगाला बसवलेले असते. बटण मागे आणि खालीही राहिल्याने ही गिटार झुकण्याबद्दल प्रसिद्ध आहे. शिवाय बटण बॉडीच्या पाठीवर असल्यामुळे वाद्याचे तोंड किंचित पुढे कलते, ते वेगळेच. गिब्सनचीच १९५२ सालापासूनची लेस पॉल चार-साडेचार किलोपर्यंत जाते, पण तिची जाड महोगनी बॉडीच नेकचा तोल सावरते. हलकी गिटार म्हणजे आरामदायी गिटार, हे समीकरण इथेच कोलमडते: फक्त बॉडी हलकी केली, तर गुरुत्वमध्य नेककडे सरकतो.

गिटारची बॉडी स्थानिक सुताराकडून करून घ्यायची झाल्यास हा मुद्दा फार उपयोगाचा आहे. स्ट्रॅटोकास्टरसारख्या बॉडीचे घनफळ साडेचार लिटरच्या आसपास धरता येते. ऑल्डर या परदेशी लाकडात ती दोन किलोच्या आत राहते. तीच सागात केली, तर तीन किलोच्या जवळ जाते. शिवणीचे लाकूड त्याहून हलके आणि आकार टिकवणारे असल्याने ते मला सागापेक्षा बरे वाटते. पांगाऱ्यासारखे अतिहलके लाकूड घेतल्यास मात्र खांद्यावरचा भार कमी होऊन तो डाव्या हातावर येण्याची शक्यता अधिक. आणखी एक गोष्ट म्हणजे लाकूड हवेतली आर्द्रता पिते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी त्यात असते, तर ९० टक्के आर्द्रतेत ते २० टक्क्यांपर्यंत चढते. पॉलिश न केलेली दोन किलोची बॉडी आषाढात दोनशे ग्रॅमने जड झाली, तर नवल नाही. लॅकरचा थर हे शोषण बरेच मंदावतो.

आता घर्षणाकडे वळू, कारण तोल साधलेला नसलेल्या गिटारला प्रत्यक्षात तेच वाचवते. पट्टा खांद्याला आणि पाठीला वेढा घालून जातो. अशा वेढ्यात घर्षणाचा परिणाम घातांकाने वाढतो, हे लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात दाखवून दिले. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एकटा खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला देऊन अख्खी होडी रोखून धरतो, तेथेही हाच नियम काम करत असतो. पट्ट्याचा वेढा अर्ध्या वर्तुळाइतका मानला आणि घर्षण गुणांक ०.२ असला, म्हणजे गुळगुळीत नायलॉन चकचकीत कापडावर असला, तर पट्ट्याच्या एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूच्या दुपटीला पोहोचण्याआधीच पट्टा सरकू लागतो. गुणांक ०.५ असला, तर जवळजवळ पाचपट फरकही तो सहन करतो. म्हणून आतून खरबरीत राहणारे चामडे किंवा जाड सुती पट्टा नेकला झुकू देत नाही. वाद्यवृंदांना साटीनच्या शर्टांची इतकी हौस का असते हे मला न उलगडलेले कोडे आहे, पण खाली झुकणाऱ्या गिटारसाठी त्याहून वाईट कापड शोधून सापडणार नाही. घर्षणाने प्रश्न मिटतो असेही समजू नये. असमतोल तसाच राहतो, फक्त तो शर्टाला आणि मानेच्या कातडीला ओढत बसतो.

रुंदीचा हिशेब सरळ आहे. साडेचार किलोच्या गिटारचा भार सुमारे ४४ न्यूटन होतो. ५ सेंमी रुंदीचा पट्टा खांद्याच्या माथ्यावर १० सेंमी लांबीत टेकला, तर सरासरी दाब पाऱ्याच्या ६६ मिलिमीटरइतका होतो; रुंदी ९ सेंमी केली, तर तो ३७वर उतरतो. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला रक्तदाब साधारण तिशीच्या घरात मानला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे अरुंद पट्ट्याखाली खांदा बधिर का होतो ते कळते. पट्ट्याचा मध्य मानेच्या बाजूच्या स्नायूवर यावा, खांद्याच्या टोकाशी असलेल्या हाडावर नको.

पट्टा लांब सोडून गिटार मांडीपर्यंत खाली घेण्याची तरुण मुलांना आवड असते. वरच्या सूत्रात खांद्याची उंची छेदस्थानी असल्यामुळे लांब पट्ट्याने तोल खरोखर सुधारतो. पण त्याची किंमत डावे मनगट मोजते, कारण हेडस्टॉककडच्या फ्रेटवर पोहोचताना ते अतिशय वाकते आणि वाकलेल्या मनगटातल्या मज्जातंतूवरचा दाब वाढतो. बसून वाजवताना गिटार ज्या उंचीवर असते, त्याच उंचीवर ती उभे राहिल्यावर राहील इतकाच पट्टा सोडणे मला योग्य वाटते. अंगाला लागणाऱ्या कडांचेही पाहावे. फेंडरच्याच आधीच्या टेलिकास्टरच्या सपाट बॉडीच्या कडा बरगड्यांत आणि उजव्या हातात रुततात, अशा वादकांच्या तक्रारींमुळेच स्ट्रॅटोकास्टरची पाठ आणि वरची कड तासून गोल करण्यात आली.

रत्नागिरी किंवा कणकवलीचा ग्राहक आता बहुधा फोनवर छायाचित्र पाहून गिटार मागवतो. तरीही छायाचित्रावरून पुष्कळ कळते: वरच्या शिंगाच्या टोकावरून नेकवर सरळ काटकोनात रेषा टाकावी आणि ती कितव्या फ्रेटला मिळते ते पाहावे. बाराव्या-तेराव्या फ्रेटला मिळाली, तर काळजीचे कारण सहसा नसते; सोळाव्याच्या पुढे गेली आणि बॉडीही पातळ असली, तर विक्रेत्याला तोलाबद्दल अवश्य विचारावे. दुकानात जाणे शक्य असेल, तर स्वतःचा पट्टा सोबत न्यावा, कार्यक्रमात घालतो तसे कपडे घालून पंधरा-वीस मिनिटे उभ्याने वाजवावे आणि मग दोन्ही हात सोडून नेक किती खाली येते ते पाहावे.

घरात असलेली गिटार झुकत असेल, तर आधी पट्टा बदलावा, मग ट्यूनर, आणि त्यानंतरच बटणाची जागा बदलण्याचा विचार करावा. बटणासाठी नवे भोक पाडायचे झाल्यास ते स्क्रूच्या जाडीपेक्षा थोडे लहान ठेवावे. खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि काढताना मुंडके तुटून लाकडात अडकतो, म्हणून तो स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा. जुने भोक सैल झाले असेल, तर सुताराच्या गोंदात बुडवलेली बांबूची काडी त्यात घट्ट ठोकून, दुसऱ्या दिवशी ती सपाट कापून, तेथेच पुन्हा स्क्रू बसवता येतो. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात गिटारला लावून पेटीत बंद ठेवू नये. घामाचे मीठ आणि कोंदट हवा यांमुळे त्याला बुरशी येते, आणि बटणाची चीर एकदा फाकली की पट्टा वाजवता वाजवता निसटतो.