फुटलेली गोळी आणि विरघळलेलं औषध : डिसोल्यूशन चाचणीची पार्श्वभूमी

गोळी पाण्यात फुटली की काम झालं, असं औषधनिर्मितीत बराच काळ धरून चालत. १९५० मध्ये अमेरिकन फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथाने, गोळी किती मिनिटांत फुटते याचीच चाचणी अधिकृत केली. घन पदार्थ विरघळण्याचा नियम मात्र नॉयस आणि व्हिटनी यांनी १८९७ मध्येच मांडला होता : द्रावण संपृक्ततेच्या जितकं जवळ जातं, तितका विरघळण्याचा वेग मंदावतो. तो गोळ्यांना लागू करायला निमित्त लागलं ते रुग्णांना गुण न येण्याचं. १९६३ मध्ये प्रेडनिसोनच्या अशा गोळ्यांची नोंद झाली, ज्या वेळेत फुटत होत्या पण औषध नीट सोडत नव्हत्या. १९७० मध्ये डिसोल्यूशनची, म्हणजे गोळीतलं औषध माध्यमात किती वेगाने विरघळतं हे मोजण्याची, बास्केट पद्धत (गोळी फिरत्या जाळीच्या टोपलीत) १२ मोनोग्राफसाठी, म्हणजे औषधांच्या मानक-नोंदींसाठी, अधिकृत झाली. पुढच्याच वर्षी डिगॉक्सिनच्या वेगवेगळ्या उत्पादकांच्या, सारख्याच डोसच्या गोळ्यांनी रक्तातली पातळी कित्येक पटींनी बदलते हे दिसलं. पॅडल, म्हणजे माध्यम ढवळणारं फिरतं पातं, १९७८ मध्ये आलं.

कोल्हापुरात बी.फार्म. करणाऱ्यांचा घोळ होतो तो इथे. अमेरिकन फार्माकोपियात अ‍ॅपरेटस १ म्हणजे बास्केट आणि २ म्हणजे पॅडल. भारतीय फार्माकोपियाच्या १९९६ च्या आवृत्तीत नेमकं उलटं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये नुसता आकडा न टाकता बास्केट किंवा पॅडल असं नाव लिहावं.

सहज विरघळणाऱ्या औषधाला ९०० मिली माध्यम, ३७ अंश सेल्सिअस आणि भांड्याच्या तळापासून २५ मिमी वर पॅडल एवढं पुरतं. खरा प्रश्न कमी विरघळणाऱ्या औषधांचा. समजा डोस १०० मिग्रॅ आणि विद्राव्यता दर मिलीला ०.०५ मिग्रॅ. संपृक्त द्रावणालाच २ लिटर लागतील आणि सिंक कंडिशनसाठी (द्रावण संपृक्ततेपासून पुरेसं दूर राहावं यासाठी) त्याच्या तिप्पट, म्हणजे ६ लिटर. भांडं १ लिटरचं. म्हणून माध्यमात औषध विरघळायला मदत करणारं, साबणासारखं सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस, घालायची पद्धत रुळली.

एसएलएस हवं तेवढं ओतलं तर चाचणी आंधळी होते; चांगली बॅच आणि बिघडलेली बॅच दोन्ही पास होतात. ०.२५, ०.५ आणि १ टक्का द्रावणांत ३७ अंशांवर २४ तास हलवून विद्राव्यता काढावी आणि काम भागेल ती सर्वांत कमी तीव्रता घ्यावी. मग मुद्दाम जाड कणांची बॅच करून ती या माध्यमात वेगळी पडते का, ते पाहावं. ही शेवटची पायरी सर्रास गाळली जाते आणि सगळं तिथेच फसतं. पोटॅशियम फॉस्फेट बफर वापरलात तर पोटॅशियम लॉरिल सल्फेटचा पांढरा साका बसतो. सोडियमचा बफर घ्यावा. माध्यमातली हवा आधी काढावी, एसएलएस नंतर हळूच मिसळावं, नाहीतर व्हॅक्यूम लावताच फेस वर येतो. मिनिटाला ५० फेऱ्यांवर पॅडलखाली भुग्याचा ढीग साचत असेल तर ७५ करून पाहावं.

१९९५ मध्ये औषधांचं विद्राव्यता आणि आतड्यातून शोषण यांवरून चार वर्गांत वर्गीकरण झालं. यातला दुसरा वर्ग म्हणजे विरघळत नाही पण विरघळलं तर शोषलं जातं. १९९८ च्या सुमारास आतड्यातल्या रसासारखी माध्यमं आली : उपाशीपोटीच्या माध्यमात ३ मिलिमोलर सोडियम टॉरोकोलेट, ०.७५ मिलिमोलर लेसिथिन, पीएच ६.५. खर्चिक असल्याने ती संशोधनापुरतीच वापरली जातात.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात लक्षात ठेवावं असं उदाहरण कार्बामाझेपिनचं. दमट हवेत ते पाणी धरून डायहायड्रेट बनतं, गोळी कडक होते आणि औषध सुटणं मंदावतं. १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की दमट जागी ठेवलेल्या गोळ्यांचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो. फिट्स रोखणाऱ्या औषधात ही घट रुग्णाला थेट भोवते. जुलै-ऑगस्टमध्ये नमुने उघड्या ट्रेमध्ये ठेवू नयेत. सिलिका जेल घातलेल्या घट्ट बाटलीत ठेवावेत. अ‍ॅसे (गोळीतल्या एकूण औषधाचं मोजमाप) पूर्ण येतोय आणि डिसोल्यूशन मात्र घसरलंय असं दिसलं, तर पॅडल-फिल्टरला दोष देण्याआधी गोळीचा कडकपणा आणि तिच्यातलं पाणी मोजावं.