भांगेच्या रोपांतील आरंभीचा जोम

कॅनाबिस सटायव्हा या वनस्पतीच्या पैदाशीत निवडीसाठी वापरला जाणारा एक गुण. उगवणीपासून फुलोऱ्याची चाहूल लागेपर्यंतच्या शाकीय अवस्थेत रोप पाने, खोड व मुळे किती झपाट्याने वाढवते, यावरून तो जोखतात. धाग्यासाठी दाट पेरलेल्या पिकात त्याचे मोल विशेष: पानांनी जमीन लवकर झाकली की तणाला ऊन मिळत नाही आणि खुरपणी जवळपास टळते. दिवसमानाची पर्वा न करता ठरावीक वयात फुलणाऱ्या वाणांची शाकीय अवस्था मुळातच तोकडी. तिथे सुरुवातीला रखडलेल्या रोपाला भरपाईची संधी फारशी उरत नाही.

हा गुण डोळ्यांना सहज दिसतो आणि तितकाच फसवतो. बीजपत्रांनंतर (बियातच तयार असलेल्या दोन पानांनंतर) एकेका पर्णिकेच्या (पानाच्या बोटासारख्या सुट्या पात्याच्या) पानांची पहिली जोडी येते, मग तीन, पाच, सात पर्णिकांची पाने. वाफ्यातले एखादे रोप शेजाऱ्याआधी पाच पर्णिकांवर आले, म्हणून श्रेय लगेच आनुवंशिकतेला देऊ नये. टपोऱ्या, ताज्या, चांगल्या पोसलेल्या मातृझाडावर भरलेल्या बियांनाही अशी आघाडी मिळते. अपुऱ्या उजेडात लांबलेली कांडी हा तर जोम नव्हेच. त्यामुळे एकाच हंगामातले, चाळून सारख्या आकाराचे केलेले बी घेतल्याखेरीज तुलनेला अर्थ नाही. शिवाय नर झाडे सहसा मादीपेक्षा उंच होतात. नुसत्या उंचीवर निवड केली, तर नरांचेच पारडे जड होते.

नर-मादी झाडे बहुधा वेगळी आणि परागण वाऱ्याने, त्यामुळे उत्तम मादी राखूनही पराग भलत्याच नराचा आला की अर्धी मेहनत वाया जाते. खोडातील धाग्याचे प्रमाण वाढवण्यासाठी जर्मनीत पैदासकार ब्रेडेमान यांनी यावर तोड काढली: फुलण्यापूर्वी नराचे खोड उभे चिरायचे, एका भागातला धागा तपासायचा आणि सरस नरच परागासाठी ठेवायचे. जोमाला ही चिरफाड लागत नाही. त्याची नोंद फुलोऱ्याच्या कितीतरी आधी होते, म्हणून दुबळी रोपे पराग उधळण्यापूर्वीच उपटता येतात.

जवळच्या नात्यातले संकर सलग केल्यास झाडे खुरटतात. दूरच्या वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीत मात्र संकरज ओज, म्हणजे आई-बापांहून सरस जोम, दिसते. हंगेरीतील कोंपोल्ट येथे पैदासकार इव्हान बोचा यांनी त्याचा उपयोग करून संकरित वाण तयार केले. पुढच्या पिढीत हे ओज ओसरते, त्यामुळे संकरित बी दरवेळी नव्याने तयार करावे लागते.