अंधारखोलीतली काळी नोंद

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आमची बी.एस्सी.ची मुलं पुस्तकात डीएनएच्या काळ्या पट्ट्यांचा फोटो बघतात आणि पान उलटतात. त्यांनी तिथं जरा थांबावं म्हणून हे लिहितोय. तो काळेपणा शाईचा नव्हे. नमुन्यातल्या किरणोत्सारी अणूंनीच तो फिल्मवर उमटवलेला असतो. या पद्धतीला ऑटोरेडिओग्राफी म्हणतात.

गोष्ट १८९६ च्या फेब्रुवारीची, पॅरिसमधली. हेन्री बेक्वेरेल यांना युरेनियमचे क्षार उन्हात ठेवून प्रयोग करायचा होता, पण आषाढातल्या बेळगावासारखं ऊनच पडेना. काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची प्लेट क्षारांसकट ड्रॉवरमध्ये पडून राहिली. १ मार्चला त्यांनी ती धुतली. पुसट काहीतरी दिसेल असं वाटलेलं, निघाली ठसठशीत आकृती! फोटोग्राफीवर काम करणारे फ्रेंच संशोधक नीएप्स द सँ-व्हिक्टर यांना असे डाग जवळजवळ चाळीस वर्षं आधी दिसले होते, पण तेव्हा त्यांचा उलगडा झाला नाही.

किरणोत्सार किती आहे, हे गायगर काउंटर सांगतो. तो नेमका कुठं आहे, हे फिल्म दाखवते. माझ्या मते तिचं खरं मोल यातच आहे. १९२४ मध्ये फ्रेंच वैद्यक-संशोधक लाकासान्य यांनी पोलोनियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य शरीरात कुठं साठतं, हे ऊतींचे काप प्लेटला लावून पाहिलं.

ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. त्यातून बाहेर पडणारे बीटा कण इतके दुबळे की साध्या फिल्मच्या वरच्या संरक्षक थरातच अडकतात. म्हणून काचपट्टीवर इमल्शनचाच, म्हणजे फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराच्या लेपाचाच, थर चढवतात. १९५७ मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांनी बाकल्याच्या कोवळ्या मुळांना ट्रिटियमयुक्त थायमिडीन, म्हणजे डीएनए बांधायला लागणारा एक घटक, दिलं. पहिल्या विभाजनात गुणसूत्राच्या दोन्ही जोडभागांवर चांदीचे काळे कण दिसले, पण किरणोत्सार नसलेल्या साध्या द्रावणात पुढचं विभाजन झाल्यावर एकाच भागावर. डीएनए दुप्पट होताना जुना अर्धा भाग तसाच राहतो, हे डोळ्यांना दिसलं.

फॉस्फरस-३२ या किरणोत्सारी फॉस्फरसचं काम वेगळं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा काळ, १४.३ दिवस, म्हणून घाई. नमुना, फिल्म आणि प्रकाश वाढवणारा पडदा कॅसेटमध्ये घट्ट बंद करून उणे ७० अंशांत ठेवायचा. थंडीत पडद्याच्या मंद उजेडाची फिल्मवरची खूण टिकते. मग अंधारखोली, लाल दिवा, डेव्हलपर. ट्रेमध्ये फिल्म हलवताना आधी नुसता करडेपणा, आणि बघता बघता त्यातून पट्ट्या वर येतात. हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, उरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड निघून गेलं की मगच फिल्म उजेडात धरायची.